घरातल्या फळीवर कोकण रेल्वेचं क्रॉसिंग स्टेशन : मॉडेल रेल्वे उभारायची आणि चालवायची कशी

कोकण रेल्वेने गावाला गेलेल्या प्रत्येकाला हा क्षण ठाऊक असतो. गाडी एका लहानशा स्टेशनात शिरते आणि बाजूच्या लाइनवर जाऊन उभी राहते. डब्यात पंखे तेवढे घरघरतात. कुणीतरी दारात डोकावून येतं आणि सांगतं, "क्रॉसिंग आहे." दहा मिनिटं जातात, कधी वीस. मग बोगद्याच्या अंगाने हॉर्न ऐकू येतो, रुळांवर उजेड पसरतो आणि समोरची गाडी धडधडत निघून जाते. सिग्नल पडतो, आपली गाडी हलते.

घरी मॉडेल रेल्वे उभारायची असेल तर हाच क्षण उभारा, असं मी सांगेन. मार्ग बहुतांश एकेरी असल्यामुळे रूळ कमी लागतात. दोन्ही टोकांना बोगदे असल्यामुळे गाडी दिसेनाशी होण्याला खरं कारण मिळतं. कोकण रेल्वेचा कमाल चढ १५०ला १, म्हणजे आपल्या फळीवर जवळपास सपाटच. चढावर इंजिनाची चाकं घसरण्याचा प्रश्न उरत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोन गाड्यांना एकमेकींसाठी थांबायचं काम मिळतं. नुसती गोल फिरणारी गाडी घरातली मुलं आठवडाभर बघतात, मग तिच्यावर धूळ बसते. क्रॉसिंगचं स्टेशन वर्षानुवर्षं चालवता येतं.

सुरुवातीलाच एक क्रम मनात पक्का करा : फळी, रूळ, वायरिंग, चाचणी, आणि मगच डोंगर. माझ्या पहिल्या मांडणीत मी हा क्रम उलटा केला होता. दोन महिने खपून डोंगर आणि बोगदा केला, रंगवला, वर माड लावले. गाडी मात्र बोगद्याच्या आत, हात पोचत नाही अशा ठिकाणी, दर तिसऱ्या फेरीला घसरायची. रुळांचा एक सांधा अर्धा मिलीमीटर वर आला होता. तो बसवण्यासाठी अख्खा डोंगर फोडावा लागला. तेव्हापासून माझ्या हातून झालेल्या प्रत्येक मांडणीत निम्म्याहून जास्त वेळ रुळांवर गेला, आणि तोच सगळ्यात सार्थकी लागला.

माप ठरवणं

बाजारात दोन मापं जास्त दिसतात. एचओ म्हणजे ८७ला १ (खऱ्या गाडीच्या ८७व्या भागाएवढं), त्याचे रूळ १६.५ मिमी अंतराचे. एन म्हणजे १६०ला १, त्याचे रूळ ९ मिमी अंतराचे. आपल्याकडचा जुना निळा आयसीएफ डबा बफरसकट साधारण २२.३ मीटर लांब. तो एचओमध्ये २५६ मिमी होतो, एनमध्ये १३९ मिमी. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट असावी, म्हणजे गाडी वळताना ओंगळ दिसत नाही आणि घसरतही नाही. हा हिशेब लावला तर एचओला पाऊण मीटरच्या वर त्रिज्या लागते. ८ बाय ४च्या प्लायवर ती बसूच शकत नाही. एनला ४१५ मिमीच्या आसपास त्रिज्या पुरते आणि ती तीन फूट रुंदीत बसते. दोन खोल्यांच्या घरात लांब डब्यांची गाडी चालवायची असेल तर माझं मत सरळ एनकडे आहे. नजर कमजोर असेल, किंवा फक्त शंटिंगपुरतं (डबे पुढे-मागे करून जोडण्या-सोडण्यापुरतं) छोटं यार्ड करायचं असेल, तर एचओ हाताळायला बरं.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची. १६०ला १ या मापात ती साडेदहा मिमी व्हायला हवी, आपण वापरणार ९ मिमी. दीड मिलीमीटरचा हा फरक बाजूने पाहताना कळत नाही. हाताने रूळ बनवणारे लोक तोही भरून काढतात, पण पहिल्या मांडणीला त्या वाटेला जाऊ नका.

खऱ्या रेल्वेचं सगळं काही मापात बसेल ही अपेक्षाही सोडायला हवी. कोकण रेल्वेवर वळणाची किमान त्रिज्या १२५० मीटर आहे. एन मापात ती पावणेआठ मीटर होते. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवळ नदीचा पूल ४० सेंटीमीटरचा होईल, तो एखादे दिवशी जमेल. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा मात्र ४० मीटर भरेल! चोवीस डब्यांची गाडी सव्वातीन मीटरच्या वर जाते. आपण इंजिन आणि सहा डबे धरू : ९५५ मिमी. आठ फुटी फळीवर ती पुरेशी लांब वाटते.

काळही आताच ठरवा. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्याआधीचा, समजा २००५ सालचा काळ धरला, की खांब आणि तारा लावाव्या लागत नाहीत, डिझेल इंजिनं आणि निळे डबे शोभतात, आणि सपाट वॅगनवर ट्रक लादून नेणारी रो-रो गाडीही चालवता येते. ती १९९९ पासून धावते आहे.

आराखडा

फळी ८ बाय ३ फूट, चार-चार फुटांच्या दोन भागांत. रूळ लंबगोल. पुढच्या बाजूला स्टेशन : एक मेन लाइन, एक लूप लाइन (क्रॉसिंगला थांबायची बाजूची लाइन), प्लॅटफॉर्म आणि मालधक्क्याची एक छोटी सायडिंग. दोन्ही टोकांची वळणं डोंगराखाली. फळीच्या मधोमध आडवा पडदा उभा करायचा, त्यावर आकाश आणि सह्याद्रीची रेघ. पडद्याच्या मागे तीन लाइनी, त्यांवर गाड्या आपली पाळी येईपर्यंत उभ्या राहतील. प्रेक्षकाला वाटतं गाडी रत्नागिरीकडे गेली. ती पडद्यामागे विसावलेली असते.

आता लांबी मोजू. फळी २४४० मिमी. दोन्ही टोकांची वळणं कडेच्या मोकळ्या जागेसकट ४५७-४५७ मिमी खातात. मध्ये सरळ उरतात १५२६ मिमी. दोन पॉइंट (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवणारे रूळ) आणि त्यांच्या पुढची जागा वजा केली, की गाडी उभी करायला एक मीटरच्या थोडं वर मिळतं. आपली सहा डब्यांची गाडी त्यात बसते, पण सातवा डबा बसणार नाही. हे कागदावर कळलेलं बरं.

स्कार्म, एनीरेल किंवा फुकट मिळणारं एक्सट्रॅककॅड यांतलं एखादं सॉफ्टवेअर वापरा. पण त्यावर समाधान मानू नका. पेको कंपनी आपल्या पॉइंटचे खऱ्या मापाचे कागदी साचे उपलब्ध करून देते. ते छापा, कापा आणि फळीवर मांडा. त्यांवर डबे ठेवून बघा. मला स्वतःला स्क्रीनवर जमलेलं वाटलेलं यार्ड कागद मांडल्यावर चार बोटं कमी पडलेलं दिसलं आहे.

हात किती पोचतो तेही बघा. पाऊण मीटरपलीकडे वाकून घसरलेला डबा उचलता येत नाही, बाहीने सिग्नल मोडतो. तीन फुटी फळी भिंतीला चिकटवणार असाल तर पायांना लॉक होणारी चाकं लावा, म्हणजे ती ओढून मागे जाता येईल.

फळी

प्लाय १२ एमएमचा घ्या आणि तो बीडब्ल्यूआर ग्रेडचा असू द्या. साधा एमआर प्लाय कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात दोन पावसाळ्यांत फुगतो, आणि फळी फुगली की रूळ आपोआप वाकडे. ८ बाय ४च्या एका शीटमधून दोन फळ्या निघतात आणि फूटभर रुंदीची पट्टी उरते. तिच्या तीन इंची पट्ट्या दुकानातच कापून घ्या. चौकटीचं बरंच काम त्यांत होतं, कमी पडतील तेवढ्या आणखी घ्या. प्लायच्या पट्ट्या कच्च्या लाकडासारख्या पिळवटत नाहीत. फळीखाली दर ४० सेंटीमीटरवर आडवी पट्टी हवी, आणि प्रत्येक आडव्या पट्टीला मध्ये एक इंची भोक : वायरी तिथूनच जाणार आहेत. आत्ता पाडलेलं भोक पाच मिनिटांचं काम असतं, नंतर फळीखाली पाठीवर झोपून पाडलेलं तासाभराचं.

कडा, खालची बाजू, भोकांच्या आतली बाजू, सगळीकडे प्रायमर किंवा वार्निशचे दोन हात द्या. ओल आणि वाळवी दोन्ही कडांमधूनच शिरतात. दोन फळ्या जोडायला दोन बोल्ट आणि पंखाचे नट, शिवाय नेमकी जागा साधायला दोन डॉवेल, म्हणजे खुंट्या. उंची छातीपेक्षा थोडी खाली. एवढ्या उंचीवर नजर गाडीच्या पातळीला येते आणि सहा डबेसुद्धा लांब दिसतात. घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठी एक भक्कम चौरंग करून ठेवा.

रूळ : इथे घाई नको

आधी पेन्सिलने मधली रेघ आखा. वळणासाठी एका लाकडी पट्टीच्या टोकाला खिळा ठोका, ४१५ मिमीवर भोक पाडून पेन्सिल घाला आणि फिरवा. सरळ रेघ एकदम वळणाला टेकवू नका. जोडावर एक लवचिक पट्टी हाताने हलकी वाकवून वळण हळूहळू सुरू होऊ द्या. खऱ्या रेल्वेतही असंच असतं, आणि गाडी वळणात शिरताना झटका खात नाही तो यामुळेच.

रेघेवर ३ मिमी जाडीचा कॉर्क फेव्हिकॉलने चिकटवा, वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा. सकाळी कॉर्कवरून तळहात फिरवा. जिथे उंचवटा लागेल तिथे बारीक पॉलिश पेपर. कॉर्क सपाट नसेल तर वरचा रूळ कधीच सपाट बसत नाही.

फ्लेक्स ट्रॅक ९१४ मिमी लांबीचा येतो. तो वाकवला की आतला रूळ बाहेर सरकतो आणि टोक वाढतं. ते कटरने कापून कानशीने साफ करायचं. वळणावर दोन तुकडे जोडायचे असतील तर एक युक्ती सांगतो, मला ती फार उशिरा कळली. दोन्ही तुकडे सरळ असतानाच जोडा, सांध्यावर सोल्डर करा आणि मग वाकवा. वाकवून झाल्यावर जोडलेला सांधा कोपऱ्यासारखा टोकदार राहतो आणि गाडी नेमकी तिथेच उतरते.

सरळ भागातले काही सांधे मात्र सोल्डर न करता सोडा आणि त्यांत फट ठेवा. एवढ्या लांबीचा रूळ वीस अंश तापमानवाढीला सुमारे ०.३ मिमी वाढतो. व्हिजिटिंग कार्डाची जाडी साधारण तेवढीच. सांध्यात कार्ड धरून रूळ बसवा, मग कार्ड काढून घ्या. एप्रिलच्या दुपारी खिडकीजवळच्या मांडणीत रूळ सापासारखे वळलेले मी पाहिले आहेत. तिथे एकही फट ठेवलेली नव्हती.

दोन फळ्यांच्या जोडावर रुळांची टोकं मोकळी सोडू नका. जोडाच्या दोन्ही अंगांना, प्रत्येक रुळाखाली एक पितळी स्क्रू बसवा, तो रुळाच्या तळाला टेकेल इतकाच आत घ्या, रूळ त्याला सोल्डर करा आणि मग जोडावर रूळ कापा. टोकं वर्षानुवर्षं जागची हलत नाहीत. जोडावर पॉइंट मात्र कधीही येऊ देऊ नका.

पॉइंट घेताना सगळ्यात लहान त्रिज्येचा घेऊ नका. भारतीय रेल्वे १२ला १ आणि ८.५ला १ अशा कोनांचे पॉइंट वापरते; घरात ६ला १च्या आसपास मिळाला तरी गाडी सुरेख वळते. पॉइंटच्या मधल्या टोकाला फ्रॉग म्हणतात. तो प्लॅस्टिकचा असला तर वायरिंग सोपं, पण आखूड इंजिन त्यावर अडखळतं. धातूचा असला तर इंजिन सलग चालतं, पण फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर (रुळांची टोकं जोडणारे तुकडे) लावावे लागतात, नाहीतर शॉर्ट होतो. हळू शंटिंग आवडत असेल तर धातूचाच घ्या. पुढचे पॉइंट बोटाने बदला. पेकोच्या पॉइंटमध्ये स्प्रिंग असते, तो टक् करून बसतो. पडद्यामागच्या पॉइंटना छोटे सर्व्हो (पॉइंट हलवणाऱ्या लहान मोटरी) लावता येतील.

रूळ चिकटवून झाले की दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च रुळाच्या पातळीवर धरून एका टोकाकडून पाहा. चांगला बसलेला रूळ एकसलग चकाकतो. चमक तुटली तिथे सांधा वर-खाली आहे. मग डोळे मिटून तर्जनी रुळाच्या आतल्या कडेवरून फिरवा. नखाला जे अडकतं ते चाकालाही अडकतं. तिथे कानस चालवा, पुन्हा बोट फिरवा. या कामाला मी एक अख्खा रविवार देतो.

वीज

सगळ्यात आधी अडॅप्टर बघा. परदेशातले नातेवाईक प्रेमाने सेट आणतात, आणि अमेरिकेतला पॉवर पॅक बहुधा १२० व्होल्टचा, जपानमधला १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट. माझ्या घरी असा एक पॅक सॉकेटला लावल्या लावल्या जळका वास आला आणि तो कायमचा गेला. शेजारी बसलेल्या मुलाचा हात त्यावर नव्हता हे आमचं नशीब. मागच्या चिठ्ठीवर इनपुट १०० ते २४० लिहिलेलं असेल तरच थेट लावा. नसेल तर इथलाच १२ व्होल्टचा, बीआयएस नोंदणीची खूण असलेला बंद अडॅप्टर घेऊन त्यावर कंट्रोलर चालवा. २३० व्होल्टची वायर फळीखाली नेऊच नका.

फळीखालून १.५ चौरस मिमीच्या दोन जाड वायरी सगळीकडे न्या, एक लाल आणि एक काळी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौरस मिमीची बारीक वायर वेगळी सोल्डर करून या जाड वायरींना जोडा. रुळांच्या जॉइनरवर वीज वाहून नेण्यासाठी विसंबू नका. आज चालतात, दोन पावसाळ्यांनी आत काळपट थर चढतो आणि गाडी दूरच्या टोकाला रेंगाळू लागते.

सोल्डरिंग असं करा. रुळाची बाहेरची बाजू घासून चकचकीत करा. वायरीचं टोक सोलून पिळा आणि त्याला आधीच कथिल चढवा. रुळाच्या त्या जागीही थेंबभर कथिल. दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा, म्हणजे रुळांखालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळत नाहीत. मग वायर टेकवून २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न दोन मोजेपर्यंत दाबा आणि काढा. कथिल आरशासारखं पसरलं की सांधा चांगला, गोळीसारखं उभं राहिलं तर पुन्हा करा. रेझिन असलेलीच सोल्डर वायर वापरा. आम्लाचा फ्लक्स रूळ आणि वायर खात राहतो.

साध्या डीसी पद्धतीत रुळांतला व्होल्टेज शून्यापासून बारापर्यंत वाढवला की गाडी वेग घेते आणि दिशा उलटवली की मागे जाते. एका रुळावरच्या सगळ्या गाड्या एकदम हलतात, म्हणून एकीला उभं ठेवायला विभाग करावे लागतात. मेन, लूप आणि मागच्या तीन लाइनी असे पाच विभाग. प्रत्येकाचा एक रूळ दोन्ही टोकांना प्लॅस्टिक जॉइनरने तोडा आणि त्याची वीज एका टॉगल स्विचमधून द्या. दुसरा रूळ सगळीकडे सलग. क्रॉसिंगला एक गाडी उभी आणि दुसरी चालू असंच असतं, त्यामुळे एक कंट्रोलर आणि पाच स्विचांवर सगळा खेळ उभा राहतो. माझा सल्ला : पहिलं वर्ष यावरच चालवा.

पुढे डीसीसीकडे (डिजिटल कमांड कंट्रोलकडे) जायचं असेल तर हीच वायरिंग चालते, सगळे टॉगल चालू ठेवायचे. डीसीसीत रुळांत कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनात एक डिकोडर चिप बसवलेली असते. तुम्ही क्रमांकाने ज्या इंजिनाला सांगाल तेच हलतं. नव्या चिपचा क्रमांक ३ असतो, दोन इंजिनं रुळावर ठेवण्याआधी एकाचा बदला. डीसीसी-ईएक्स हा खुला प्रकल्प वापरून आर्डुइनो मेगा हा छोटा सर्किट बोर्ड आणि त्यावर बसणारं मोटर शील्ड यांवर घरीच यंत्रणा उभारता येते, आणि मोबाइलवरून इंजिन चालवता येतं. चिप नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवू नका, मोटर तापून जळते. वायरिंग झालं की नाण्याची चाचणी करा : दर दोन फुटांवर दोन्ही रुळांवर एक रुपया टाका. प्रत्येक ठिकाणी यंत्रणा लगेच बंद पडली पाहिजे. कुठे नाही पडली तर तिथली वायर बारीक आहे किंवा सांधा कच्चा आहे.

आठवडाभर नुसतं चालवा

आता उघड्या फळीवर गाडी चालवायची. प्रथम एक डबा बोटाने ढकलत सगळ्या पॉइंटमधून न्या. मग इंजिन अगदी सावकाश, मग सहा डबे, मग सहा डबे मागे ढकलत. डबे उलटे ढकलताना जो रूळ गाडी पाडत नाही तो पास. शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक घसरणीची नोंद करा : कोणता डबा, कोणती जागा, कोणती दिशा. एकच डबा सगळीकडे घसरत असेल तर दोष त्याच्या चाकांत. वेगवेगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळात. हे वहीतून दोन दिवसांत कळतं, आठवणीतून कधीच कळत नाही.

डब्यांचं वजनही याच वेळी बघा. एन मापात अर्धा औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला ०.१५ औंस हा अमेरिकेतल्या एनएमआरए संस्थेचा हिशेब चांगला लागू पडतो. आपल्या डब्याला तो ३७ ग्रॅमच्या आसपास येतो. भारतीय डबे या मापात दुकानात सहज मिळत नाहीत. जाड कागदावर छापून किंवा थ्रीडी प्रिंट करून घेतलेले डबे फार हलके असतात. आत तळाशी लोखंडी वॉशर चिकटवा, जितके खाली तितके बरे, आणि चाकं धातूची घ्या. इंजिनासाठी सहा अ‍ॅक्सलच्या अमेरिकन डिझेलची चेसिस घेऊन वर छापील कवच बसवणं हा सोपा मार्ग आहे.

खडी, जांभा, माड

दिवाळीत किल्ला केलेल्या हातांना हे काम शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की इथे ओली माती आणि पाणी घालून चालणार नाही, प्लाय जाईल. डोंगर थर्मोकोल किंवा दाट फोमच्या थरांचा करा, वर पीओपीत भिजवलेली बँडेजची पट्टी. बोगद्याचं छप्पर उचलून काढता येईल असं ठेवा. तोंडाची रुंदी ठरवताना लक्षात घ्या : वळणावर डब्याचा मधला भाग अडीच मिमी आत येतो आणि टोकं जवळपास तेवढीच बाहेर जातात. रुळाच्या मध्यापासून दोन्हीकडे २० मिमी मोकळं ठेवलं की निभावतं.

खडीला दुकानातली पाकिटं लागत नाहीत. खरी खडी साधारण ५० मिमीची. आपल्या मापात ती ०.३ मिमी, म्हणजे बारीक वाळूच. बांधकामावरची क्रश सँड ओंजळभर आणा. ती आपल्याकडे बहुधा बेसॉल्टची असते, त्यामुळे रंग आपोआप बरोबर येतो. धुऊन वाळवा, मैद्याच्या चाळणीने चाळा आणि कागदात गुंडाळलेलं चुंबक तिच्यातून फिरवा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू तर मुळीच नको. तिच्यातले लोहयुक्त कण इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात.

कोरडी वाळू रुळांत पसरा आणि मऊ ब्रशने स्लीपरच्या वर एकही कण राहणार नाही इतकी झाडा. भांड्याच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी स्प्रेने धुक्यासारखं मारा. मग एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब सोडा. थेंब पडल्याबरोबर वाळू त्याला पिऊन गडद होते. तो वरच गोळा होऊन बसला तर पाण्याचा फवारा कमी पडला आहे. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ फेव्हिकॉल अजिबात नको. तिथे वाळू न टाकता राखाडी रंग दिला तरी दिसत नाही.

जांभ्याची कापणी, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापल्यावर उरलेली उभी बाजू, हा या मांडणीचा जीव आहे. फोमवर चुरगळलेली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल जोरात दाबत गेलं की जांभ्याची ती सच्छिद्र, खडबडीत पोत उमटते. आधी गडद तपकिरी रंग खोलगट जागांत, मग वरून विटकरी, शेवटी जवळपास कोरड्या ब्रशने फिकट केशरी. पायथ्याशी गावाहून आणलेली खरी लाल माती चाळून टाका. ऋतू एकच ठरवा. पावसाळा असेल तर सगळं हिरवंगार आणि कापणीवर ओलाव्याचे काळे ओघळ. मे महिना असेल तर गवत पिवळं आणि हिरवे फक्त आंबे-काजू. माडाला तांब्याच्या वायरींचा पीळ आणि कात्रीने कातरलेला कागद पुरतो, उंची साधारण दहा सेंटीमीटर. माड सरळ उभे करू नका, उजेडाकडे झुकलेले लावा.

चालवणं

वेग हा पहिला शिस्तीचा भाग. एन मापात ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ सेंटीमीटर. फळीवर मीटरभर अंतराच्या दोन खुणा करा. मेल गाडीला ते कापायला जवळपास सहा सेकंद लागले पाहिजेत. ताशी ४०ने चालणाऱ्या गाडीला चौदा. घड्याळ लावून बघाल तेव्हा आजवर किती जोरात चालवत होतो ते दिसेल.

दोघं असाल तर एकाने स्टेशन मास्तर व्हायचं, दुसऱ्याने ड्रायव्हर. पत्त्यांएवढी कार्डं करा, प्रत्येकावर एका गाडीचं काम : "दिवा–सावंतवाडी पॅसेंजर, लूपवर घ्या, मांडवी एक्सप्रेसच्या क्रॉसिंगला थांबवा." मास्तर पॉइंट लूपला लावतो, होम सिग्नल (स्टेशनात शिरण्याचा) देतो. पॅसेंजर बोगद्यातून येते, लूपवर थांबते; लूपचा टॉगल बंद. पॉइंट पुन्हा मेन लाइनला, आणि आता मास्तरने पलीकडच्या बाजूचा लाइन क्लिअर (मार्ग मोकळा असल्याची परवानगी) हातात दिल्याशिवाय ड्रायव्हरने मांडवीला हात लावायचा नाही. मांडवी मेनवरून न थांबता जाते. तिचा शेवटचा डबा बोगद्यात पूर्ण गेला हे दोघांनी पाहिलं, की मगच पॅसेंजरचा स्टार्टर, म्हणजे निघण्याचा सिग्नल. पुढचं कार्ड रो-रोचं, तिला मागच्या गाडीसाठी वाट द्यायची आहे. अशी आठ कार्डं व्हायला पाऊण तास लागतो आणि घरातलं कुणी मध्ये चहा घेऊन आलं तरी खेळ थांबत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू धावतात. तसाच कार्डांचा वेगळा गठ्ठा जूनमध्ये काढा.

सिग्नलला साधे एलईडी चालतात. १२ व्होल्टवर प्रत्येकाला एक किलोओहमचा रेझिस्टर लावायला विसरू नका.

पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय एकदा मुलांना घेऊन बघा. ते १९९८ पासून आहे, म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्याच वर्षापासून. तिथे गाड्यांपेक्षा सिग्नल आणि गाड्यांचा क्रम यांकडे लक्ष ठेवा.

निगा

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट नसलेलं सुती फडकं. पॉलिश पेपर रुळाच्या माथ्यावर कधीच नको. ओरखड्यांत घाण साठते आणि पुढच्या वेळी दुप्पट लवकर काळवंडतात. इंजिनाची चाकंही पुसा : फडकं रुळावर आडवं धरायचं, अर्धी चाकं फडक्यावर आणि अर्धी रुळावर, हलकी वीज द्यायची, मग इंजिन उलटं वळवून पुन्हा. अ‍ॅक्सलभोवती केस गुंडाळले जातात, ते चिमट्याने दोन महिन्यांतून एकदा काढा. तेल प्लॅस्टिकला चालणारंच, सुईच्या टोकावर येईल इतकंच.

खेळ संपला की वर जुनी सुती चादर पसरा. पंख्याखालची धूळ हा या छंदाचा रोजचा वैरी आहे. प्लॅस्टिकचा कागद नको, खाली ओल धरतो. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी एकदा फळीखाली जाऊन सगळे सोल्डर तपासा, प्रत्येक वायर हलकी ओढून बघा. डबे डब्यांच्या पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आणि जुलैमध्ये पहिल्या फेरीला गाडी कुठे अडलीच, तर वही उघडा आणि त्या जागेची जुनी नोंद आहे का ते आधी पाहा.